पीएचडीची सहा वर्षं झाली, रजिस्ट्रेशन खरंच कॅन्सल होतं का?

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, हिस्ट्रीत पीएचडी करतेय, विषय होळकरांच्या काळातले घाट आणि धर्मशाळा. रजिस्ट्रेशन ऑगस्ट २०१९ चं. कोर्सवर्क पास आहे, पाचातले चार चॅप्टर लिहून झालेत, शेवटचा अर्धा बाकी आहे कारण त्यातले कागद मोडी लिपीत आहेत आणि एकेक पान लावायला दोन-दोन दिवस जातात. मध्ये २०२१ ला मुलगी झाली तेव्हा रजा घेतली होती, ती मंजूर झाल्याचं पत्र आहे माझ्याकडे. आता सेक्शनमध्ये प्रोग्रेस रिपोर्ट द्यायला गेले तर तिथले बाबूजी म्हणाले, मॅडम आपके तो छह साल हो गए, अब नए सिरे से एंट्रन्स दो. वरून आमचे सर पुढच्या वर्षी रिटायर होतायत. घरचे म्हणतात आता पुरे कर. इतकं काम झाल्यावर असं कसं सोडून देऊ? कुणाला नियम नीट माहीत असेल तर प्लीज सांगा.

लष्करवाला
ताई घाबरू नका, सहा वर्षांनंतर री-रजिस्ट्रेशन करून अजून दोन वर्षं मिळतात आणि बायकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षं. आमच्याकडे ग्वाल्हेरला एकीला मिळालीयेत. नवीन एंट्रन्सची काही गरज नाही.

दांडियाबाजार_वडोदरा
दादा, दहा वर्षांचं बरोबर आहे पण ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमात आहे, आणि तो नियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आला. त्याच्या आधी ज्यांचं रजिस्ट्रेशन झालं त्यांना २०१६ चेच नियम लागतात, हे २०२२ च्या नियमातच लिहिलंय. ताईंचं २०१९ चं, म्हणून २०१६ चं बघायचं.

२०१६ मध्ये काय आहे तर कमीत कमी तीन वर्षं कोर्सवर्क धरून, जास्तीत जास्त सहा. पण महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्या सहावर दोन वर्षांची सूट देता येते. म्हणजे ताई तुमची ऑगस्ट २०२७ पर्यंत सोय आहे, आणि २४० दिवसांपर्यंतची मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर रजा या सवलतीशिवाय वेगळी आहे. फक्त एक लक्षात घ्या, ही सूट "देता येईल" अशी आहे, आपोआप लागत नाही. मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते. काउंटरवर कुणी तोंडी नाही म्हटलं तर ते नाही धरायचंच नाही, कारण रजिस्ट्रेशन रद्द करायचं असेल तर त्याची ऑर्डर निघते, ती तुम्हाला आलीय का? नाही ना, मग तुमचं रजिस्ट्रेशन आहे.

उद्याच अर्ज करा. रजिस्ट्रारच्या नावाने, गाइडच्या सहीने फॉरवर्ड करून घ्या, २०१६ च्या नियमातलं कलम ४.४ लिहा, सोबत रजिस्ट्रेशनचं पत्र, कोर्सवर्कची मार्कशीट आणि रजेचं पत्र लावा. दोन प्रती न्या, आवकमध्ये एक द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख टाकून घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तो शिक्का मारलेला कागद जपून ठेवा, पुढे कुणी म्हणालं की मुदत उलटून गेल्यावर मागितलं तर तोच कामी येतो. आणि तुमच्या युनिव्हर्सिटीचा पीएचडी ऑर्डिनन्स, म्हणजे नियमावली, वेबसाइटवर असतो तो डाउनलोड करून त्यातलं मुदतवाढीचं कलम वाचा, कारण यूजीसीने सहाच्या पुढची एक्स्टेन्शन त्याच्यावरच सोडलीय.

जुना_मास्तर
मी इंदूरलाच शिकवायचो, बरेच स्कॉलर हाताखालून गेलेत म्हणून लिहितोय. वरचं सगळं बरोबर आहे पण बेटा मला वर्षांपेक्षा तुझ्या प्रोग्रेस रिपोर्टांची जास्त काळजी वाटते. दर सहा महिन्यांनी रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीसमोर प्रेझेंटेशन द्यायचं असतं आणि कमिटीचा रिपोर्ट युनिव्हर्सिटीकडे जातो, त्याची एक प्रत स्कॉलरला मिळायला हवी. काम समाधानकारक नसेल तर कमिटीने कारणं लिहायची, सुधारणा सुचवायच्या, आणि त्याही केल्या नाहीत तर मगच रद्द करायची शिफारस होते. म्हणजे ते कमिटीचं काम, काउंटरचं नाही. तुझे सगळे रिपोर्ट फाइलला आहेत का बघ. मध्ये एखादं सेमिस्टर सुटलं असेल, बाळंतपणात सुटतंच, तर त्या काळावर रजेचं पत्र लावून ठेव, नाहीतर फाइलमध्ये नुसतं भोक दिसतं आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी बोट ठेवतं.

गाइड रिटायर होतायत तर ते जायच्या आधी विभागातल्या दुसऱ्या कुणाला तरी को-गाइड करून घे, आत्ताच, शेवटच्या महिन्यात नको. सर गेले आणि सही करायला कुणी नाही अशा अडकलेल्या फायली मी बघितल्यात, मुलांचा फार जीव जातो त्यात. आणि मोडीची पानं सोडू नकोस गं, तो चॅप्टर नीटच कर, होळकरांवर मूळ कागद वाचून लिहिणारी माणसं किती उरलीत.

रामबाग_इंदूर
सर, दादा, खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. रिपोर्ट सगळे आहेत, रजेतलं एक सोडून. को-गाइडचं सरांशी आज बोलते. अजून एक विचारायचं होतं, आता पेपर छापायची गरज नाही असं सगळे म्हणतात, मग मी थीसिस डायरेक्ट देऊ शकते का?

दांडियाबाजार_वडोदरा
तेही २०२२ वाल्यांसाठी, त्यांच्या नियमातून यूजीसीने पेपरची सक्ती काढली. तुम्हाला २०१६ प्रमाणे रेफरीड जर्नलमध्ये एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन, त्याचे सर्टिफिकेट थीसिस देताना लागतील. धर्मशाळांच्या चॅप्टरमधूनच पेपर काढा आणि लगेच पाठवा, जर्नलवाले उत्तर द्यायला महिनोन्‌महिने लावतात. मग प्री-सबमिशन सेमिनार, प्लेजियरिझमचा रिपोर्ट, त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. थीसिस दिल्यावर युनिव्हर्सिटीने सहा महिन्यांत तपासणी आणि व्हायवा उरकायचा असतो, तेव्हा २०२७ च्या ऑगस्टची वाट बघू नका, त्याच्या बऱ्याच आधी जमा करा. आणि डिग्री मिळेल तेव्हा प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर "यूजीसी २०१६ च्या नियमानुसार" असं लिहिलेलं आहे ना ते तिथेच उभं राहून बघा, असिस्टंट प्रोफेसरच्या इंटरव्ह्यूला तो कागद मागतात.