प्लास्टरवर पिशवी बांधताना
हाताला प्लास्टर असताना आंघोळीच्या वेळी त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावा, असा सल्ला काही जण देतात, तो नको. रबरबँड काचतो, बोटं सुजतात आणि पाणी शिरायचं ते शिरतंच. प्लास्टरच्या वरच्या कडेला कोरडा नॅपकिन गुंडाळा, त्यावर पिशवी चढवा, तोंड चिकटपट्टीने थेट कातडीला चिकटवा. एवढं करूनही हात बादलीपासून लांब, स्टुलावर टेकवलेला बरा. फायबरचं प्लास्टर भिजत नाही म्हणतात, पण आतला कापूस भिजतोच. मग खाज, वास, कातडी पांढरी पडणं. खाजेला विणायची सुई घालू नका, हेअर ड्रायरची गार हवा सोडा.

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. समोरून बटणांचे, सैल बाह्यांचे निवडा. एका हाताने भाजी चिरायची, तर विळी सध्या माळ्यावर! चॉपिंग बोर्डाखाली ओलं फडकं घातलं की तो सरकत नाही.

झोळीत पंजा कोपरापेक्षा वर हवा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जागेपणी दर तासाला दहादा मूठ उघडमीट करा, नाहीतर बोटं आखडतात. अंगठ्या-बांगड्या पहिल्याच दिवशी काढा. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा.