महापालिकेवरच्या पंखवाल्या स्त्रीला काय म्हणावं?

कुंचला: मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीवरचं एक शिल्प जलरंगात केलंय. दर्शनी भागाच्या मधल्या त्रिकोणी शिखरावरची पंखवाली स्त्री. चित्राखालच्या पट्टीत मी 'नगरदेवता' लिहिलं, प्रदर्शनवाल्यांनी खोडून 'देवदूत' केलं. पण ती कुणाचा निरोप घेऊन आलेली नाही. 'अर्ब्ज प्रायमा इन इंडिस', हिंदुस्थानातली पहिली नगरी, म्हणजे खुद्द मुंबईच मूर्तरूपात! शब्द सुचवा.

दगडफूल: देवदूत चूकच. पण नगरदेवताही नको. मुंबईची देवता मुंबादेवी. लोक तिची ओटी भरतात, तिला नवस बोलतात. १८९३ च्या इमारतीवरच्या रूपकाला तो मान कसा देणार? 'नगरलक्ष्मी' म्हणा. गृहलक्ष्मी, राज्यलक्ष्मी, तसंच.

पोथीवाला: 'विद्याधरी', म्हणजे आकाशात विहरणारी उपदेवता, हा आयता शब्द आहे की.

दगडफूल: विद्याधरांना पंख कुठे असतात? वेरूळला नीट बघा. दुमडलेले पाय आणि मागे फडफडणारं वस्त्र, एवढ्यावर अख्खा देह तरंगतो. पंख आले ग्रीक-रोमन विजयदेवतेकडून.

बोरीबंदरकर: आमची आजी सरळ 'परी' म्हणायची. फारसीत 'पर' म्हणजे पंख, त्यावरूनच परी.

पोथीवाला: ती लोकव्युत्पत्ती. परीचं मूळ अवेस्तातल्या, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या, 'पैरिका'त, आणि तिथे ती दुष्ट चेटकीण आहे. शिवाय संस्कृतात इतके शब्द असताना फारसी कशाला?

बोरीबंदरकर: मग 'इमारत'ही सोडा, तो अरबी. बोलण्यात रुळला तो शब्द आपला. आणि समोरच्या सीएसएमटी (जुन्या व्हीटी) स्टेशनच्या घुमटावर मशाल उंचावलेली स्त्री आहे ना? तीही महापालिकेच्याच वास्तुकाराच्या, स्टीव्हन्सच्या, इमारतीवर. तिला 'प्रगती' म्हणतात, 'प्रगतीदेवता' नाही. मग हिला नुसतं 'मुंबई' म्हणा.

दगडफूल: पट्टीवर नुसतं 'मुंबई' वाचून लोकांना शहराचं चित्र वाटेल.

बोरीबंदरकर: शहराचंच तर आहे!

पोथीवाला: 'पुरश्री' कसा वाटतो?

बोरीबंदरकर: शब्दकोश घेऊन प्रदर्शनाला यावं लागेल.

ओलाकागद: चित्र पाहिलं. पंखांच्या कडा फार सुरेख उजळल्यात. पांढरा रंग लावलाय का?

कुंचला: नाही, कागद कोरा सोडलाय. आधी मागच्या आभाळाचा करडा-निळा वॉश (पातळ रंगाचा थर) पंखाच्या कडेपर्यंत आणला, तो पूर्ण सुकू दिला, मग पिसांमधल्या खाचा बारीक ब्रशने भरल्या. दगडावर पावसाचे काळे ओघळ आहेत, तेही मुद्दाम ठेवले.

ओलाकागद: आणि सावलीत जांभळट छटा दिसतेय ती?

कुंचला: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा किंचित जास्त.

दगडफूल: 'सावली' नव्हे, इथे 'छाया' हवं. चित्रकलेत दोन्ही वेगळे: वस्तूच्या अंगावरची ती छाया, तिची दुसरीकडे पडते ती सावली.