विषय: डिसेंबरात पोरांना घेऊन कुठं जावं?

प्रेषक: डोंबिवलीकर, टार्नीट

नमस्कार मंडळी,

चार वर्षांनी घरी चाललोय. इथं मेलबर्नला शाळा नाताळाआधी सुटते ती थेट जानेवारी संपता संपता उघडते, त्यामुळे वेळ आहे. एक लग्न, दोन डोहाळजेवणं आणि माझ्या दातांचं काम वगळलं तर सलग सात-आठ दिवस हातात राहतात. थोरला बारा वर्षांचा, धाकटी सात. सोबत सासूबाई, म्हणजे त्यांचे गुडघेही सोबत.

मला डोंगर हवाय आणि थोडं जुनं गावही हवंय. थोरल्यानं मंडळाच्या शिवजयंतीला अफझलखान केला होता, तुम्हाला आठवत असेल. मेला फारच सावकाश. त्याला अजून वाटतं प्रतापगड म्हणजे आपल्या हॉलच्या स्टेजएवढा. धाकटी मराठी बोलते झकास, पण वाचायला दिलं की पोटात दुखतं.

नवरा म्हणतो महाबळेश्वर. मी म्हणते नको. मागच्या खेपेला तिथं एका हॉटेलात ‘दरीकडची खोली’ म्हणून जास्तीचे पैसे मोजले आणि खिडकी उघडली तर खाली जनरेटर. वर गाडीवाल्यानं लॅमिनेट केलेलं कार्ड हातात दिलं, ‘तीन तासांत बारा पॉइंट’. प्रत्येक पॉइंटला तो इंजिन चालूच ठेवायचा. पोरं मक्याचं कणीस खाऊन गाडीत ओकली, तेवढंच काय ते लक्षात राहिलं.

सुचवा काहीतरी.

---

प्रेषक: वाईची माहेरवाशीण, ग्लेन वेव्हर्ली

अगं डोंबिवली,

तुझ्या नवऱ्याचं चुकलेलं नाही, तो फक्त एक घाट वरचं बोलतोय. महाबळेश्वरला जा, पण झोपायला वाईत ये.

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. वाईतून पसरणीचा घाट चढलीस की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी, तिथून पुढं अठरा-वीसवर महाबळेश्वर. सकाळी सातला निघालात तर खालची गाडी वर पोचेपर्यंत वरचे पाहुणे इडलीची वाट बघत बसलेले असतात. आणि बारानंतर, वेण्णा तलावाच्या रस्त्यावर घोडे, गाड्या आणि स्ट्रॉबेरी क्रीमवाले एकमेकांत अडकले की तुम्ही खाली उतरायला मोकळे. फक्त २४ डिसेंबर ते २ जानेवारी तिकडं फिरकू नकोस. त्या दिवसांत पसरणीच्या घाटात माणूस म्हातारा होतो. लग्न आधी उरका आणि ५ तारखेनंतर या.

माझं माहेर म्हणून सांगत नाही (म्हणूनच सांगते), पण लोक वाईतून नुसते जातात. बाजारात चहा, ढोल्या गणपतीला बाहेरून नमस्कार आणि चालले वर. तू थांब. गणपतीसमोर पोरांना पाच मिनिटं उभं कर. मूर्ती सुमारे दहा फूट उंच, म्हणून तर ढोल्या. मग त्यांना देवळाच्या मागच्या बाजूला ने. सरदार रास्त्यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं ते अगदी नदीच्या तोंडाशी, म्हणून मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती काढलीय, कृष्णेचा पूर आला की पाणी तिथं दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. लहानपणी आम्ही पावसाळ्यात समोरच्या काठावरून बघायचो, लाल पाणी त्या भिंतीवर आपटायचं आणि फाटायचं. तुझ्या थोरल्याला गणपतीपेक्षा ती भिंत जास्त आवडेल, पैज लाव.

आणि त्याला हेही सांग की त्याच्या खानाचा तळ वाईलाच होता. इथूनच तो जावळीकडं निघाला, रडतोंडीच्या घाटानं. घाटाचं नाव ऐकूनच परत फिरायला हवं होतं. तेव्हा प्रतापगड आधी दाखवू नकोस. आधी वाई, मग महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटातून प्रतापगड, म्हणजे खान आला तसं या. पायऱ्या चारशेच्या वर आहेत, सासूबाईंना खाली पिठलं-भाकरीच्या ठिकाणी बसव.

मेणवली वाईपासून पायी जाण्याइतकी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागं उतरत जाणारा घाट. घाटाच्या वर एका छोट्या बांधकामात पोर्तुगीज घंटा टांगलीय. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यांतली ही. ओतीव आहे, आवाज आपल्या घंटेसारखा टणटण नाही, लांब जातो. या घाटावर हिंदी सिनेमावाल्यांची सतत ये-जा असते, त्यामुळे पोरांना ‘हे कुठंतरी पाहिलंय’ असं वाटणारच.

वरचं महाबळेश्वर म्हणजे साहेबाचं. गव्हर्नर माल्कमनं १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवली आणि गोऱ्यांसाठी हवा खायची पेठ वसवली. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं, ते तिथून पाचसहा किलोमीटर आत. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती इथंच. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं; कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. तिथं पोरांना ओंजळ भरू दे आणि सांग, उद्या सकाळी हीच कृष्णा आपल्या खोलीखाली असेल. शेजारच्या कृष्णाबाईच्या देवळात बहुतेक कुणी नसतं. शेवाळलेला काळा दगड, समोर दरी. पॉइंट बघायचाय ना? हा घे.

पाचगणीला टेबललँडवर संध्याकाळी जा, सगळा जांभा आहे आणि वारा टोपी उडवतो. बाकी पाचगणी म्हणजे शाळा, सिल्व्हर ओक आणि रविवारी पोरांना भेटायला आलेले आईबाप.

धाकटीसाठी भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून थोडं आत. २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, पण तिकडं पुस्तकं विकतात, आपल्याकडं लोकांनी घराच्या पडव्या आणि पुढच्या खोल्या वाचायला दिल्या. एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास. चप्पल काढायची, आत जायचं, पुस्तक घ्यायचं, बसायचं. पैसे नाहीत. मागच्या अंगाला स्ट्रॉबेरीचे वाफे. हो, इथं आपण मॉर्निंग्टनला पैसे भरून स्ट्रॉबेरी तोडायला जातो, तीच तिकडं ऐन जानेवारीत असते. तिला २०१०चं भौगोलिक मानांकन आहे. फळ डबीतलं घेऊ नकोस, वाफ्यावरचं मागून घे, देठाजवळ पांढरं नसलेलं.

कासला जाऊ नकोस. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर. जानेवारीत गेलात तर पठार बोडकं आणि नवरा बडबडणार.

(जाता जाता: पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. आपण १ मेला त्यांच्याच आवाजातलं राज्यगीत लावतो आणि दुसऱ्या कडव्याला सगळे ओठ हलवायला लागतो.)

---

प्रेषक: कर्जतकर, क्लेटन

वाईताई, मेल छान, पण एवढ्या गाड्याघाट करायचे कशाला? पोरांना माथेरानला न्या. बाहेरची मोटार वर जातच नाही, दस्तुरीला सोडावी लागते. पुढं पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून शटल गाडी. इथं आपण पोरांना बेलग्रेव्हहून पफिंग बिली या छोट्या वाफेच्या आगगाडीत बसवतो आणि कौतुक करतो. नेरळची गाडी १९०७ची, तिच्याहूनही अरुंद रुळांवरची, दोन फुटी. आदमजी पीरभॉय कुटुंबानं स्वतःच्या पैशानं बांधली. घाटात इतकी वळणं की पुढचा डबा मागच्याला ‘काय कसं’ विचारतो. नेरळहून सुटते का हे मात्र निघण्याआधी विचारा, पावसानं रूळ गेले की महिनोन्महिने नुसतं शटल चालतं.

ठाण्याच्या कलेक्टर मॅलेटनं १८५० मध्ये डोंगर ‘शोधला’ म्हणतात. वर राहणाऱ्या ठाकर आदिवासींना तो हरवलाय हे माहीतच नव्हतं.

तिकडं हॉर्न नाही. रात्री झोपताना हे कळतं. पहाटे पॅनोरमा पॉइंट गाठा. तांबड्या मातीनं मोजे कायमचे गुलाबी होतात, जुनेच न्या. आणि हातात खाऊची पिशवी धरून चालू नका, माकडांना पिशवीच्या आवाजावरून वेफरचा ब्रँड कळतो.

---

प्रेषक: यादीवाला

सभासदहो, ही ईमेल-यादी सांभाळणारा म्हणून सांगतो, उत्तर देताना खालचा सगळा मजकूर कापा. ग्लेन वेव्हर्लीच्या मेलला तीन जणांनी नुसतं ‘वा!’ म्हटलंय आणि खाली अख्खी मेल परत जोडलीय. शिवाय, मंडळाच्या वाचनालयाची सहा खोकी अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत. गेल्या पाडव्यापासून एकानंही पुस्तक नेलेलं नाही. वाळवी आलीच तर तिला सभासदत्व देतो.

---

प्रेषक: तंजावरची सून, बॉक्स हिल

सगळे पुणे-साताऱ्यातच फिरताय म्हणून मधे तोंड घालते. पुढच्या खेपेला तंजावर ठेव. मोठं देऊळ राजराज चोळाचं, १०१०चं, ते तर बघशीलच. पण त्याच्याच भिंतीवर तिथल्या मराठी गादीच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरून घेतलाय. आजूबाजूला सगळं तमिळ, चप्पल राखणाराशी खुणांनी बोलायचं, आणि समोर दगडावर आपली अक्षरं. मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोटानं एकेक ओळ लावत बसले. सासरे मागून म्हणाले, ‘उन्हात होऊ नको, ये की गे.’ त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं आहे, त्यामुळे आमच्या भांडणात कोण शुद्ध बोलतं हे ठरत नाही.

राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालयही चुकवू नकोस. त्रिचीला उतरलं की तासाभराचा रस्ता. आठ दिवसांत वाई आणि तंजावर दोन्ही मात्र कोंबू नकोस.

---

प्रेषक: डोंबिवलीकर, टार्नीट

काकू, वाई ठरलं. कर्जतकर काका, परतताना दोन रात्री माथेरान, सासूबाई त्या वेळी कल्याणला बहिणीकडं राहतील. तंजावर पुढच्या वेळी, नक्की. काकू, दोनच प्रश्न: थंडी किती, आणि वाईत राहायचं कुठं?

---

प्रेषक: वाईची माहेरवाशीण, ग्लेन वेव्हर्ली

थंडी मेलबर्नच्या जुलैएवढी समज, पण कोरडी आणि फक्त रात्रीची. बहुतेक हिवाळ्यांत एखाद्या सकाळी वेण्णा तलावाकाठचं दव गोठतं आणि पेपरात गाडीच्या टपावरच्या बर्फाचा फोटो येतो. तो बघायला पळू नका, पोचेपर्यंत वितळतो. वाईत दुपारी नुसता शर्ट पुरतो.

हॉटेलाचं नाव यादीवर नको, फोन करते. एवढंच बघ की खोलीतून नदी ऐकू आली पाहिजे. आणि ज्वारी भरली असेल, कुणाच्या तरी शेतावर हुरडा मागून खा. गरम राखेतून काढलेली कणसं तळहातावर चोळून देतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. वाटीचमचा मागू नकोस, हसतील.

---

प्रेषक: डोंबिवलीकर, सध्या मुक्काम वाई

मंडळी,

गंगापुरी घाटाच्या पायरीवर बसून लिहितेय. समोर एक बाई धुणं आपटतेय आणि शेजारी माझा अफझलखान पाय पाण्यात सोडून बसलाय. काकू, पैज तुम्ही जिंकलात. त्यानं गणपतीला हात जोडले न जोडले आणि भिंतीच्या टोकाशी जाऊन हातानं कोन मोजत बसला. घरी गेल्यावर बाथटबमध्ये करून बघणार म्हणे. प्रतापगडावर पोचल्यावर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘आई, एवढं चालत आला असेल तर तो दमलाच असेल ना?’ सासूबाई खाली पिठलं खात होत्या. आम्ही उतरेपर्यंत त्यांना त्या बाईंच्या तिन्ही मुलींची स्थळं माहीत झाली होती.

वरती मात्र बारा वाजले आणि तुम्ही म्हणालात तसंच घोड्यांच्या मागं अडकलो. कार्डवाला परत भेटला. कार्ड नवीन आहे, आता पंधरा पॉइंट.

भिलारची गंमत सांगायचीय. बालसाहित्याच्या घरात धाकटीनं चित्रं बघायला म्हणून एक पातळ पुस्तक घेतलं. घरातल्या आजी उंबऱ्यात शेंगा फोडत होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, ‘मोठ्यानं वाच गं, माझा चष्मा आत राहिला.’ चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. ही वाचायला लागली. ‘क्ष’ला अडली, आजी थांबल्या, शेंग फोडली, परत ही. पाऊण तासात अकरा पानं झाली. आजी मधूनमधून ‘मग?’ एवढंच विचारायच्या. निघताना पुस्तक विकत मागितलं तर म्हणाल्या, विकायची नाहीत, पुन्हा ये. शेवटची चार पानं राहिली म्हणून ही गाडीत रडली, पाचगणीपर्यंत.

यादीवाले काका, तुमच्या खोक्यांत लहान मुलांची आहेत का?

---

प्रेषक: यादीवाला

आहेत. चौथ्या खोक्यात, दिवाळी अंकांखाली. तुम्ही परत आल्यावरच्या पहिल्या शनिवारी दहाला या, गाडी बाहेर काढून ठेवतो. आणि कृपया, खालचा मजकूर कापून उत्तर द्या.