भाकरीची काठवट, भरिताची बडगी, रोजचे चाटू: लाकूड कोणतं घ्यावं आणि वरचं पॉलिश कसं ओळखावं?

तापीकाठची

राम राम मंडळी. रोजच्या स्वयंपाकासाठी लाकडाच्या काही वस्तू घ्यायच्या आहेत. भाजीला दोन चाटू, वरणाला घोटणी, पाच-सहा भाकरींचं पीठ मळता येईल अशी काठवट आणि भरितासाठी बडगी-मुसळी, म्हणजे भाजलेलं वांगं ठेचायचं लाकडी भांडं आणि त्याचा दांडा. बाजारात सागाचं, शिसवीचं, कडुनिंबाचं, आंब्याचं असं सगळंच दाखवतात आणि प्रत्येक जण "हेच चांगलं" म्हणतो. ऑनलाइनवाल्या वस्तू आरशासारख्या चमकतात, पण ती चमक कशाची आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं.

चार गोष्टी नेमक्या कळल्या तर बरं:
लाकडाची जात खरंच महत्त्वाची आहे का? हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल लावलं तर चालेल का? पावसाळ्यात काळे डाग पडतात ती बुरशीच असते का? आणि भुसावळकडचा एक सुतार जुन्या रेल्वे स्लीपरच्या लाकडाची बडगी निम्म्या पैशात करून देतो म्हणतोय, "शंभर वर्षं टिकेल" अशी हमी देऊन. घ्यावी का?

रंधा-पटाशी

ताई, स्लीपरचं आधी. घेऊ नका. रुळाखालच्या बऱ्याच लाकडांना क्रिओसोट पाजलेलं असतं. ते दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल, वाळवी आणि कुज लागू नये म्हणून दाबाखाली लाकडात आत मुरवतात. कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या पदार्थांत ते मोडतं. रंधा मारून वरचा थर काढला तरी आतलं तसंच राहतं, आणि गरम वांगं त्यात ठेचायचं म्हणजे झालंच. काही स्लीपर साल वृक्षाच्या किंवा सागाच्या लाकडाचे, काहीही न पाजलेलेही असतात हे खरं. पण जुना तुकडा हातात घेऊन ते सांगता येत नाही, शिवाय इतकी वर्षं त्यावर इंजिनाचं तेल आणि डब्याखालची घाण पडलेली. टेबल करा, बाक करा, अन्नाला लावू नका.

तीच गोष्ट जुन्या चौकटींची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. पॅकिंगच्या खोक्यांवर शिक्का असेल तर तो वाचा. "एमबी" म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी, "एचटी" म्हणजे नुसती उष्णता दिलेली. पण एचटी असलं तरी वाटेत त्यावर काय सांडलं ते कोणाला माहीत? खोकं ते खोकंच.

आता जात. महत्त्वाची आहे, पण बाजारात सांगतात तितकी नाही. आपल्याकडे जी नेहमीची लाकडं मिळतात त्यातली बहुतेक चालतात, फक्त कोणतं कशाला ते बघावं लागतं.

साग: हलत नाही, वाकत नाही, स्वतःचं तेल असतं. पोळपाट, काठवट यांना उत्तम. बाभूळ: गाभा लालसर, टणक, चिवट. मुसळी आणि घोटणीला माझ्या मते सागापेक्षा बाभूळच सरस, आणि स्वस्त. शिवण: हलकी, आकार बदलत नाही, लाटण्या-पोळपाटाला छान, पण ठोकाठोकीला मऊ पडते. शिसव: चांगलीच, पण महाग, आणि शिसव म्हणून काळं पॉलिश मारलेलं भलतंच लाकूड बरंच विकलं जातं. कडुनिंब: नवा चाटू दुधाला, खिरीला कडवट चव देतो, फोडणीच्या भाजीत ते कळत नाही. "कडुनिंब म्हणजे जंतू आपोआप मरतात" हे विकणाऱ्याचं बोलणं, धुवावा लागतोच. आंबा: मऊ, छिद्रं मोठी, पाणी पितो, बुरशी आणि किडा दोन्ही लवकर. अगदी स्वस्तात मिळाला तर वर्षभराचा चाटू समजून घ्या. अंजन सातपुड्याकडे मिळतं. आपल्याकडच्या सगळ्यात जड लाकडांपैकी आहे, पाण्यात टाकलं तर बुडतं. मुसळाला ठीक, चाटू केला तर मनगट दुखेल.

नको ती दोन: कण्हेर आणि बिब्बा. कण्हेर सगळीच विषारी. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. ओळखीच्या सुताराकडून घेताना हा प्रश्न येत नाही, पण कुंपणाची किंवा रानातली काठी तोडून कोणी रवी-घोटणी करून दिली तर झाड कोणतं ते विचारा.

जातीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लाकूड वाळलेलं आहे का. आठवडे बाजारातल्या निम्म्या काठवटी ओल्या लाकडाच्या असतात. पावसाळ्यात घेतल्या तर छान दिसतात आणि चैत्र-वैशाखात, पारा पंचेचाळिसला गेला की फुटतात. दोष उन्हाचा वाटतो, खरं तर लाकूड आधीच कच्चं होतं. फळी वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष लागतं, आणि काठवटीचा ओंडका तीन-चार इंच जाड. इतकं कोण थांबतो?

बघायचं कसं? वस्तू आकाराच्या मानाने जड आणि हाताला गार लागते का ते पाहा. बोटाच्या पेराने ठोका: वाळलेलं टणटण वाजतं, ओलं बद्द. घरी आणल्यावर किचनच्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा, आठ दिवसांनी परत वजन करा. वजन घटत असेल तर ती अजून वाळते आहे. तोवर सावलीत, वारा लागेल अशी, दोन काड्यांवर टेकवून ठेवा, पीठ मळू नका. वजन स्थिर झालं की वापरायला काढा.

घेतानाच काठवट पालथी घालून दोन्ही टोकं बघा. रेषांच्या गोल कड्या दिसतात, त्यांचा मधला ठिपका म्हणजे झाडाच्या खोडाचा मध्य. तो ठिपका काठवटीच्या अंगात असेल तर ती तिथूनच चिरणार, आज ना उद्या. ठिपका बाहेर गेलेली, म्हणजे ओंडका आधी अर्धा फाडून मग कोरलेली, अशीच घ्या. पांढरट कडा फार असेल तरी नको. त्या भागात पिठूळ अंश जास्त असतो, किडा तिथेच शिरतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर तिथल्या तिथे परत करा.

मापं: चाटू बारा इंच, दांडा अर्ध्या इंचापेक्षा थोडा जाड, रेषा दांड्याच्या लांबीत सरळ धावणाऱ्या. आडव्या रेषेचा दांडा पिठलं घोटताना मोडतो. काठवट चौदा ते सोळा इंच, बुडाला किमान पाऊण इंच जाडी. पोळपाटाचे पाय खिळ्याने ठोकलेले नकोत, खिळा गंजतो आणि त्याभोवती लाकूड काळं पडतं. एका तुकड्यातून घडवलेली वस्तू मिळत असेल तर तीच घ्या. पट्ट्या चिकटवलेल्या वस्तूत, बांबूच्या सुबक चमच्यांतसुद्धा, गोंद कोणता आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

दहावी-ब-प्रयोगशाळा

वरच्यांनी लाकडाचं सांगितलं, मी लेपाचं सांगतो.

हार्डवेअरमधलं जवसाचं तेल नको. त्याच्या डब्यावर "बॉइल्ड" किंवा "डबल बॉइल्ड" लिहिलेलं असतं. लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घालतात. ते खिडकीच्या चौकटीसाठी आहे. खायचं, लाकडी घाण्याचं जवसाचं तेल मात्र चालतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते लाकडातच घट्ट होतं, टिकाऊ थर देतं. लावायचं अगदी पातळ: कापडाने चोळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडाने होता नव्हता तेवढा पुसून काढा. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. त्यानंतर दोन-तीन आठवडे हवेशीर जागी ठेवा. जाड थर दिला तर आत कच्चं, वर चिकट साय, आणि मग धूळ चिकटते.

यातली धोक्याची गोष्ट: जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. ते सुकताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नकोच. पाण्यात भिजवा किंवा बाहेर सुटं पसरून वाळू द्या, मगच फेका.

शेंगदाणा, सोयाबीन, सरकी ही तेलं नीट सुकत नाहीत आणि ओलीही राहत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांत खवट वास आणि चिकटपणा. खोबरेल बरं, लवकर खवट होत नाही.

मला सोपं आणि खात्रीचं वाटतं ते औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आय.पी. (म्हणजे औषधाच्या दर्जाचं). नुसतं तेच घ्या, चव-रंग घातलेलं पोटाचं मिश्रण नको. ते खवट होत नाही, सुकतही नाही, म्हणून मधूनमधून लावत राहावं लागतं. बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग ओता, लवकर मुरतं. पाणी जास्त लागणाऱ्या वस्तूला त्यात मेण घाला: 100 ग्रॅम पॅराफिनला 20 ते 25 ग्रॅम मधमाश्यांचं मेण. वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. मेणबत्तीचं मेण वापरू नका, त्यात रंग, सुगंध काहीही असतं.

चमकदार वस्तू बहुतेक मेलामाइन, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) अशा पॉलिशच्या. पूर्ण सुकलेला थर तसा स्थिर असतो, पण चाटू गरम तेलात जातो, कढईच्या कडेवर आपटतो, थर तडकतो आणि त्याचे पापुद्रे भाजीत उतरतात. पोळपाटाला एक वेळ ठीक, चाटूला नको. लाखेचा रंगीत मुलामा गरम पदार्थाने मऊ पडतो, तोही चाटूला नको.

तापीकाठची

धन्यवाद दोघांनाही. स्लीपरवाल्याला नाही म्हणून कळवलं. पण काठवट घरात आधीच आलेली आहे, सागाची म्हणून दिली. पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा बसून राहतो. गरम पाण्याने पुसली तर फडक्याला चहासारखा रंग लागला. रंगवलेली आहे का?

दहावी-ब-प्रयोगशाळा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई. चहासारखा रंग सागाचा स्वतःचाही असतो, बाभळीलाही येतो. दोन-चार धुण्यांत कमी कमी होत गेला तर काळजी नाही. लालभडक किंवा काळा उतरला आणि दर वेळी तेवढाच उतरत राहिला तर तो रंग.

थेंब बसतो म्हणजे बहुधा वर काहीतरी आहे, तेलमेण किंवा पॉलिश. पालथ्या बाजूला कोपऱ्यात नेलपॉलिश रिमूव्हरचा, ॲसिटोनवाल्याचा, बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं, बोळ्याला रंग आला तर लॅकर किंवा लाख. काहीच झालं नाही आणि नखाने खरवडल्यावर पारदर्शक पापुद्रा निघाला तर पीयू किंवा मेलामाइन. पांढुरकं मेण निघालं तर चांगलंच आहे, कोमट साबणाने धुवा आणि वापरा.

लॅकर-पीयू निघालं तर आतली बाजू घासून काढा. 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, रेषेच्या दिशेनेच. अंगणात बसून, तोंडाला मास्क लावून, कारण सागाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, बारीक तुसं उभी राहतील, ती 220 ने हलक्या हाताने काढा. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात काठवट खरखरीत होते. मग पॅराफिन. चौदा इंची काठवट पहिल्या दिवशी साधारण 30-40 मिली पिते.

उखळ-मुसळ

काळ्या डागांचं राहिलंच. सगळे डाग बुरशीचे नसतात. ओला चाटू रात्रभर लोखंडी कढईत राहिला, त्यात चिंचेची आमटी असेल तर बघायलाच नको, की साग-बाभळीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून निळसर काळा डाग पडतो. तो सपाट असतो, वास नसतो. लिंबाची फोड मिठात बुडवून चोळली, पाच मिनिटांनी धुतली की बराच फिका पडतो. बुरशी ठिपक्याठिपक्याची, किंचित फुगीर, कुबट वासाची. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, पूर्ण वाळवा, मग 120 ने घासा. घासूनही ठिपका खोल जात असेल तर वस्तू चुलीत घाला. खाण्याचा सोडा घालून धुवा असं सगळीकडे सांगतात, पण सागाला आणि बाभळीला सोड्याने उलट काळपटपणा येतो.

रोजचं धुणं: लगेच, हाताने, थोड्या साबणाने, आणि उभं करून वाळवायचं. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, "थोडा वेळ"सुद्धा नाही. काठवटीचं पीठ आधी उलथण्याने खरवडून काढा, नाहीतर कळण्याच्या पिठातला उडीद तळाशी चिकटून आंबतो. चाटूवर आठवड्याला उकळतं पाणी ओतलं तरी चालतं, काठवटीवर नाही, एका बाजूने फुगून ती वाकते. उन्हात घालून कडक करायची सवय सोडा.

लाकडावर जंतू फार राहतात अशी भीती असते. अमेरिकेत डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लास्टिकच्या पाटांवर प्रयोग केले, 1994 मध्ये ते छापून आले. लाकडात शोषलेले जंतू तिथे वाढले नाहीत, कमी होत गेले. सुरीच्या चऱ्या पडलेलं प्लास्टिक मात्र हाताने नीट साफ होत नव्हतं. तरी मटण-मासळीला पाट वेगळाच ठेवा. आणि चीर पडलेल्या काठवटीत एम-सील भरून मळत बसू नका. ती मग धान्य पाखडून ठेवायला.

रंधा-पटाशी

बडगीचं: होडीसारखी लांबट, बुडाला दीड इंच जाडी तरी हवी, कारण घाव तिथेच बसतो. मुसळीचं टोक घुमटासारखं, सपाट नको. सपाट टोकाने वांगं कडेला उडतं आणि बुडावर कडा उमटतात. बडगी सागाची आणि मुसळी बाभळीची ही जोडी बरी. दोन्ही मऊ लाकडाची असतील तर भरितात कुसळं येतात.

बडगीला जवसाचं तेल लावणार असाल तर पुरं सुकल्याशिवाय भरीत करू नका, गरम वांग्याला वास लागतो. हिरवी मिरची आणि लसूण त्यातच ठेचणार ना? मग ती भरिताचीच ठेवा, ताक-लोण्याला दुसरी वस्तू. तिखटाचा वास लाकडातून पूर्ण जात नाही.

तापीकाठची

रिमूव्हर लावून पाहिलं, बोळा चिकट झाला. म्हणजे लॅकर. 80 नंबरचा पेपर शीटमध्ये घ्यायचा की रोलमध्ये?

रंधा-पटाशी

शीट. काठवटीच्या आतल्या गोलाईला चार घड्या करून, मागे स्पंजचा तुकडा धरा, नाहीतर बोटांच्या खुणा पडतील. 80 ची दोन, 120 ची दोन, 220 ची तीन पुरतील. तुसं काढायला 220 जास्त लागतो.