मदत हवी आहे: ऑडी टीटीसाठी अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन कुठे मिळेल?

मंडळी, सोलापुरात सेकंडहँड ऑडी टीटी (दुसरी पिढी, साधे डँपर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, विजेवर कडकपणा बदलणारे मॅग्नेटिक राइडवाले नाहीत) वापरतोय. पुढचा उजवा स्ट्रट (चाकाला जोडलेला डँपरचा खांब) गळतोय, दांड्यावर तेलात मळलेली धूळ चिकटलेली स्पष्ट दिसते. बदलायचंच आहे तर कॉइलओव्हर (स्प्रिंग-डँपरचा उंची बदलता येणारा सेट) टाकावं म्हणतो. गाडी जमिनीला टेकवायची हौस नाही हो, उलट होटगी रोडचे स्पीडब्रेकर बघता उंची आहे तेवढीच ठेवायचीय. फक्त डँपिंग, म्हणजे डँपरचा कडकपणा, कमी-जास्त करता यायला हवं. त्यामुळे बिलस्टीन कंपनीचं बी१४ कॉइलओव्हर बाद, त्यात फक्त उंची बदलते. त्यांचंच बी१६ किंवा केडब्ल्यू कंपनीचं व्हेरियंट ३ डोक्यात आहे, त्यात डँपिंगही बदलता येतं.

हे भारतात कुणाकडे तयार मिळतं, की बाहेरूनच मागवावं लागतं? कस्टम ड्यूटी धरून साधारण किती पडलं? स्ट्रटचा व्यास ५० मिमी की ५५ मिमी, हे मोजूनच ऑर्डर देणार आहे. मागे स्प्रिंग आणि डँपर वेगवेगळे असतात, म्हणून हे काम आधी केलेला फिटर हवा. व्हील अलाइनमेंटसकट सगळं सोलापुरात होईल का, की पुणं गाठावं? स्वतः बसवून घेतलेल्यांनी जरूर सांगा. ‘स्प्रिंग कापून टाक’ वाले सल्ले नकोत, ते गल्लीत भरपूर मिळालेत.