प्रति: अ‍ॅसिटिल काढलं की जनुक बंद?

डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चढवणारं एन्झाइम जनुक सुरू करतं आणि उतरवणारं बंद करतं, हे वरचं म्हणणं ढोबळमानाने मान्य. पण यीस्टमधलं आरपीडी-३ त्या चौकटीत मावत नाही. हे उतरवणाऱ्यांपैकी, आणि दोन वेगळ्या प्रथिन-संकुलांत सापडतं. मोठ्या संकुलात असताना यूएमई-६ हे प्रथिन त्याला ठरावीक प्रवर्तकांपाशी (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या भागांपाशी) नेतं; अर्धसूत्री विभाजनाची जनुकं एरवी गप्प राहतात ती बरीचशी यामुळे. इथवर नियम बरोबर.

छोट्या संकुलाची गोष्ट खरी मजेशीर. जनुकाची आरएनए-प्रत काढणारा आरएनए पॉलिमरेज-२ जनुक वाचत पुढे सरकतो, तेव्हा त्याला चिकटलेलं सेट-२ हे एन्झाइम हिस्टोन एच-३ च्या ३६व्या स्थानावरच्या लायसिन या अमिनो आम्लावर मिथाइल हा दुसरा रासायनिक गट लावत जातं. ती खूण असली की हे संकुल तिथले अ‍ॅसिटिल गट उतरवतं, म्हणजे चक्क चालू जनुकाच्या अंगावरचे! जनुक त्याने बंद पडत नाही. वाचनामुळे सैल झालेलं क्रोमॅटिन (हिस्टोनभोवती गुंडाळलेला डीएनए) पुन्हा आवळलं जातं, एवढंच. ते झालं नाही तर मधूनच भलतीकडून वाचन सुरू होतं: सेट-२ काढून टाकलेल्या यीस्टमध्ये एफएलओ-८ आणि एसटीई-११ या जनुकांच्या पोटातून निघालेले आखूड आरएनए मिळतात. २००५ मध्ये हे स्पष्ट झालं. एचओएस-२ हे उतरवणारं एन्झाइम तर त्याहून उलटं वागतं. गॅलॅक्टोज ही साखर वापरण्याची जनुकं नीट चालायला ते लागतं, हे २००२ पासून माहीत आहे.