कंट्रोलर हातात, बातमी लांबची : तुमच्या घरातला अनुभव सांगा

कोथरूड

२०२६ च्या जानेवारीत एका रात्री भांडी आवरत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा मेसेज आला : ‘ताई, प्रिन्स गेला.’ युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीनं सहा गेम रद्द केले होते आणि त्यांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक होता. मी ओट्यापाशीच उभी राहिले. नळ बंद करायचंही सुचलं नाही.

मूळ गेम २००३ चा. बाबांनी त्याच्या पुढच्या दिवाळीला पीएस-टू, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा कन्सोल, आणला. बोनस आला होता आणि ‘दोघांत एकच, भांडायचं नाही’ या अटीवर आणला होता. आम्ही वाटणी केली. मारामारी त्याची, भिंतीवरून धावणं आणि कोडी सोडवणं माझं. गेम सुरू होतो तोच हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालात. गेमची नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी. परदेशी गेममध्ये आपल्याकडचा महाल दिसतोय, याचं आम्हाला किती अप्रूप होतं! पडलो, चुकलो, की काळ मागं नेणाऱ्या खंजिराचं बटण दाबून काही क्षण मागं जायचं आणि पुन्हा उडी मारायची.

मग १० सप्टेंबर २०२० ला रिमेकचा ट्रेलर आला. तो गेम युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईतले स्टुडिओ करत होते. लॉकडाऊनमुळं सगळे घरीच होतो. भाऊ इतक्या जोरात ओरडला की आई देवघरातून बाहेर आली. ‘अगं, आपला प्रिन्स पुण्यात बनतोय!’ आई म्हणाली, ‘मग तुमच्यापैकी कुणी का नाही गेलं तिथं कामाला?’ त्या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवर जगभरातून टीका झाली. ठरलेली तारीख होती २१ जानेवारी २०२१, ती पुढं गेली, मग आणखी पुढं गेली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडं गेलं, जिथं मूळ गेम घडला होता. आणि आता तेही संपलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. टोकियो, पॅरिस किंवा अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये एखाद्या गेम कंपनीत कुणीतरी काहीतरी ठरवतं आणि ते आपल्या हॉलमधल्या टीव्हीपर्यंत येऊन पोचतं. तुमच्याकडं असं काय पोचलं? कुठला कन्सोल होता, कुणी आणला, कुठल्या बातमीनं तुम्ही हरखलात किंवा गप्प झालात? मोकळेपणानं लिहा, लांबलं तरी चालेल.

सदाशिव पेठ, वय ४६

आमच्या वेळी कन्सोल हा शब्दच नव्हता. ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. वाड्यात रंगीत टीव्ही एकच, मालकांकडं. त्यांच्या मुलाला मुंजीत टीव्ही गेम मिळाला आणि उन्हाळ्याच्या सुटीत अख्खा वाडा त्यांच्या ओसरीवर गोळा व्हायला लागला. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत बसवायची. पुढं कळलं की फुंकरीचा उपयोग शून्य होता. काढून पुन्हा बसवल्यामुळं कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या, एवढंच. उलट तोंडाच्या वाफेनं त्या गंजायच्या.

सगळ्यांत ओढ होती ती बंदुकीची. बदकं उडायची, आपण टीव्हीवर नेम धरायचा. नंबर यावा म्हणून मी मालकिणबाईंचं दळण आणून दिलेलं आहे.

२०१२ च्या सुमाराला माळ्यावर तसलीच एक बंदूक सापडली, बहुधा मावसभावाची. मुलीला हौसेनं नव्या एलईडी टीव्हीला जोडून दिली. एकही बदक पडेना. तपकीर गल्लीत एका जुन्या कारागिराकडं घेऊन गेलो. त्यांनी ती उघडलीही नाही. म्हणाले, ‘बंदूक धडधाकट आहे हो. तुमचा टीव्ही बदललाय.’ मग स्टुलावर बसवून समजावलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं असतं. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. वीस वर्षं मला वाटत होतं की गोळी बंदुकीतून टीव्हीकडं जाते. उजेड टीव्हीकडून बंदुकीत यायचा!

आमच्या त्या मशिनवर निन्टेन्डो या जपानी कंपनीचं नावही नव्हतं. ती १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल होती, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. म्हणून निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता जुलै २०१५ मध्ये वारले, तेव्हा मी त्यांच्याविषयी शोधून शोधून वाचलं. स्वतः प्रोग्रॅमर असलेला माणूस. २०११ मध्ये थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल अपेक्षेइतका खपला नाही तेव्हा त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला होता. ज्या कंपनीला माझ्याकडून कधी एक रुपया मिळाला नाही, तिच्या प्रमुखासाठी मला वाईट वाटत होतं. त्या दिवशी बायकोला मी पहिल्यांदा ओसरीची गोष्ट नीट सांगितली.

विमाननगर

काका, निन्टेन्डो आजही आपल्याकडं अधिकृतपणे विकत नाही. माझा स्विच, म्हणजे त्यांचा कन्सोल, २०१८ मध्ये मामीच्या सामानातून न्यू जर्सीहून आला, लोणच्याच्या बरण्या तिकडं पोचवून झाल्यावर रिकाम्या झालेल्या बॅगेत. वॉरंटी नाही, बिघडला तर ओळखीचा कारागीर गाठायचा. पण लग्नानंतर नवऱ्याशी माझी खरी गट्टी जमली ती त्याच्यावर मारिओ कार्ट हा शर्यतीचा गेम खेळताना.

कर्वेनगर

मी स्वतः खेळत नाही, मुलगा खेळतो. तरी लिहिते, कारण सोनीच्या पीएस-फाइव्ह कन्सोलची तारीख या घरात सर्वांत जास्त माझ्या लक्षात आहे.

१२ जानेवारी २०२१ ला भारतात प्री-ऑर्डर सुरू होणार होती. लेक दहावीत, शाळा ऑनलाइन. वर्षभर घरात कोंडलेलं पोर. त्याच्या आजोबांनी शब्द दिला होता. किंमत ४९,९९०. तो एका फोनवर, मी दुसऱ्या, सासरे लॅपटॉपवर. काही मिनिटांत सगळीकडं ‘संपले’ दिसायला लागलं. त्यानं फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, ‘राहू दे आई, क्लास आहे.’ रडला असता तर बरं वाटलं असतं मला.

नंतर दर वेळी तेच. शहरातल्या एका दुकानात मिळत होता, पण सोबत नको असलेले गेम आणि आणखी एक कंट्रोलर घ्यायलाच हवा, नाहीतर नाही म्हणाले. सासरे सगळी नोकरी सरळ मार्गानं केलेला माणूस. ते म्हणाले, ‘शब्द दिलाय तो कन्सोलचा, अडवणुकीला मान तुकवण्याचा नाही.’ आणि बाहेर पडले. नातवाला ते दुकानाच्या दारातच पटलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एकदाचा योग्य किमतीत मिळाला. पुढच्याच महिन्यात भारतातली किंमत ५४,९९० झाली. ती बातमी लेकानं आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवली. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि ‘चला, लावा तुमचं ते क्रिकेट’ म्हणाले. सासरे मागच्या वर्षी गेले. त्यांचं प्रोफाइल मुलानं काढलेलं नाही. कन्सोल सुरू केला की दोन नावं येतात.

बाणेर

कोथरूडच्या ताई, तुमच्या आईंच्या प्रश्नावर लिहितोय. मी गेलो कामाला. तुम्ही म्हणता त्या स्टुडिओत नाही, दुसऱ्या एका कंपनीत, टेस्टर म्हणून, म्हणजे गेममधल्या चुका शोधायला.

लोकांना वाटतं दिवसभर खेळायला मिळतं. आमचं काम म्हणजे भिंत घासत चालणं. एका पातळीतली प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा, कुठं पात्र आरपार पडतं का हे बघत. तेच दार दोनशे वेळा उघडायचं. मध्येच कंट्रोलरची जोडणी तोडायची : गेम थांबला पाहिजे आणि पडद्यावर सूचना आली पाहिजे, नाहीतर कन्सोल कंपनी गेम मंजूर करत नाही. चूक सापडली की ती पुन्हा घडवून दाखवायची, कारण पुन्हा घडली नाही तर कुणी ऐकून घेत नाही. मला हे काम मनापासून आवडायचं.

दीड वर्ष ज्या गेमवर होतो तो एका सोमवारी बंद झाला. सकाळी बैठक, दुपारी खोक्यात चहाचा कप आणि डबा. त्या गेमचं नाव मी अजूनही घेऊ शकत नाही, तसा करार आहे. म्हणून तुमचा प्रिन्स गेला तेव्हा मला आधी आठवले ते पुण्यातले टेस्टर, ॲनिमेटर, दगडांना पोत देणारी पोरं-पोरी. ट्रेलरमधल्या चेहऱ्यांना लोक नावं ठेवत होते तेव्हा मी एकही शब्द लिहिला नाही. कितव्या रात्रीचा तो चेहरा असेल, हे मला कळत होतं.

पण दुसरीही एक बातमी सांगतो. १८ ऑगस्ट २०२० ला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आधी स्विचवर आला. नॉडिंग हेड्स गेम्स, आपल्या पुण्यातला छोटा चमू. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता, तो अपुरा पडला होता. तरी त्यांनी गेम पुरा केला. भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत, कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांत. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या इंडी (छोट्या, स्वतंत्र चमूच्या) गेमसाठी नामांकन मिळालं, पुरस्कार ‘फॅझ्मोफोबिया’ला गेला. मी मित्राच्या स्विचवर राजी खेळलो. पहिल्या झरोक्यापाशी थांबलो आणि सवयीनं भिंत घासत चाललो. कुठंही आरपार पडलो नाही. शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत उभं राहून वाचली.

नऱ्हे, तेव्हा हॉस्टेल

चौघांत मिळून एक कन्सोल आणि डिस्कची अदलाबदल, असं आमचं इंजिनिअरिंग झालं. नवी डिस्क तीन-साडेतीन हजारांना. म्हणून वर्गणी काढून घ्यायची, संपवायची, विकायची, त्यात भर घालून पुढची घ्यायची. एकच फुटबॉलची डिस्क तीन हॉस्टेलांत फिरून पुन्हा आमच्याकडं आली होती, मागं माझ्याच अक्षरातली चिठ्ठी घेऊन.

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा कन्सोल एक्सबॉक्स वन जाहीर झाला आणि पाठोपाठ अटी कळल्या : २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी, आणि वापरलेल्या डिस्कवर बंधनं. आमच्याकडं नेट म्हणजे एका डोंगलवर आठ जण. म्हणजे आपला संबंधच संपला, असं धरून चाललो. ११ जूनला पहाटे उठून सोनीचा पीएस-फोरचा कार्यक्रम पाहिला, अडखळत अडखळत. वापरलेल्या डिस्कवर बंधन नाही असं त्यांनी सांगितलं तेव्हा तिकडचं सभागृह उसळलं आणि इकडं रेक्टर दार वाजवायला लागले. पुढच्याच आठवड्यात, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टनंही अटी मागं घेतल्या. गिऱ्हाइकांनी ओरडा केला आणि एवढी मोठी कंपनी वळली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पीएस-फोर तिकडं ३९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावानं २५ हजारांच्या आसपास. भारतात ६ जानेवारी २०१४ ला आला तो ३९,९९० ला. चौघांची बेरीज पुरली नाही. मी घेतला तो पहिल्या पगारानंतर, एकट्यानं, आणि पहिल्या रविवारी तिघांना बोलावलं. आता बरेच गेम डाउनलोड होतात. स्वस्त पडतात, पण संपल्यावर ते कुणाच्या हातात ठेवता येत नाहीत.

सिंहगड रोड

सगळं वाचून धीर आला म्हणून लिहितेय.

माझ्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. नजर कडेकडून मिटत गेली. कॉलेजात असताना पीएस-थ्रीवर तो सोसायटीत कुणाला हरत नव्हता. मग रात्रीचे प्रसंग दिसेनासे झाले, मग अक्षरं. एक दिवस त्यानं कंट्रोलर डब्यात घालून कपाटावर ठेवला. आम्ही कुणी काही बोललो नाही, कारण काय बोलणार?

१९ जून २०२० ला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम आला. त्याच्या मित्रानं फोन करून सांगितलं की यात अपंगांसाठी साठाहून जास्त सोयी दिल्यात आणि ज्यांना अजिबात दिसत नाही तेही तो पूर्ण खेळू शकतात. भावाचा विश्वास बसेना. मित्रानं आपला पीएस-फोर पिशवीत घालून, मास्क लावून, दारात आणून ठेवला.

पहिल्यांदा सुरू केल्याबरोबर गेमच बोलायला लागला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज, इंग्रजीत. एक बटण दाबलं की कॅमेरा पुढच्या वाटेकडं वळतो. कड्याच्या टोकाशी पात्र आपोआप थांबतं. जवळ उचलण्यासारखं काही असलं की वेगळा नाद, शत्रू कुठं आहे ते सांगायला वेगळा. हेडफोन लावून तो हॉलच्या मध्यभागी बसायचा आणि मान किंचित तिरकी करून ऐकायचा. सुरुवातीला मी शेजारी बसून सांगायचे, ‘डावीकडं, डावीकडं.’ चौथ्या दिवशी म्हणाला, ‘ताई, तू गप्प बस. मला ऐकू येतंय.’

गेम संपायला त्याला जवळजवळ दोन महिने लागले. गोष्ट फार जड आहे, मला तर मधले काही प्रसंग बघवले नाहीत. संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्यानं सगळ्यांना उठवलं, बाबांनासुद्धा.

आता नवा गेम जाहीर झाला की लोक ट्रेलर बघतात, तो सोयींची यादी कधी येते याची वाट बघतो. जीटीए सिक्स या गाजलेल्या मालिकेतल्या नव्या गेमची तारीख पुन्हा पुढं जाऊन १९ नोव्हेंबर २०२६ झाली, तेव्हा सगळे वैतागले होते. हा म्हणाला, ‘जाऊ दे पुढं. तेवढ्या वेळात आवाजाचं काम करत असतील तर बरंच आहे.’ डबा आता कपाटावर नाही. कंट्रोलर त्याच्या उशाशी चार्जिंगला असतो.